पाठकोरा कागद

वरवंड येथील वार्षिक स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांच्या हातच्या वह्या मी वापरल्या आहेत. नव्या मुलांना हे सांगायला हवं. आमच्या वेळी वही विकत घेणं सोपं नव्हतं. गुरुजी सांगायचे, घरात, सोसायटीत, दुकानात, कारखान्यात जिथे कुठे एका अंगाने छापलेला आणि दुसऱ्या अंगाने कोरा कागद दिसेल तो घेऊन या. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ते दाभण आणि जाड दोरा घेऊन ओट्यावर बसायचे. कागद एका मापात कापायचे, वर जुन्या कॅलेंडरचं पान घालायचे आणि वही शिवून हातात द्यायचे. अशा कागदाला ते पाठकोरा म्हणत. पाठ कोरी आहे तो पाठकोरा.

त्या वहीत एका बाजूला आमची त्रैराशिकं आणि पान उलटलं की दुसऱ्या बाजूला जग. बाजार समितीची हिशेबपट्टी, सोसायटीची नोटीस, कुणाची तरी लग्नपत्रिका, कुणाच्या वडिलांच्या पगाराची चिठ्ठी. गणित चुकलं म्हणून कुणी पान फाडायला लागलं की गुरुजी हात धरायचे आणि म्हणायचे, "आधी पाठ बघ." मागे काय आहे ते वाचल्याशिवाय कागद टाकायचा नाही, असा त्यांचा नियम होता. तीस वर्षं मी एका मोठ्या कंपनीच्या प्रशासन विभागात काढली. शेवटची बरीच वर्षं कागद कमी करण्याचं आणि रद्दी-भंगाराचं काम माझ्याकडे होतं. त्या कामात मला जे उमगलं ते गुरुजींच्या त्या दोन-तीन शब्दांतच होतं, आणि ते उमगायला मला फार उशीर लागला. त्याबद्दलच मी आज बोलणार आहे.

मोठ्या कंपनीत कागद किती लागायचा याची कल्पना आज येणार नाही. गेटमधून एक खोकं बाहेर जायचं तर त्याच्या चार प्रती व्हायच्या. पांढरी, गुलाबी, पिवळी, हिरवी. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर दिवसभर करकरत असायचे, आणि कडेला भोकं असलेल्या कागदाच्या घड्या खोक्यात पडत राहायच्या. रजेचा अर्ज कागदावर, त्याची मंजुरी कागदावर आणि मंजुरी मिळाल्याची पोचही कागदावर. हे सगळं शेवटी रेकॉर्ड रूममध्ये जायचं. कंपनी कायद्याने हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं जपावी लागतात, म्हणून तिथे आठ वर्षांचे गठ्ठे उभे असत.

मग मोहीम सुरू झाली. दोन्ही बाजूंनी छपाई, कार्ड टेकवल्याशिवाय प्रिंट निघणार नाही, रजा संगणकावर, पगाराची चिठ्ठी मोबाईलवर. देशातले नियमही त्याच दिशेने चालले होते. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक नोंदीला मान्यता दिली. २०११ मध्ये केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने भागधारकांना वार्षिक अहवाल ई-मेलने पाठवायला परवानगी दिली. २०१८ मध्ये मालवाहतुकीचं ई-वे बिल आलं. २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला आणि पाटसच्या टोलनाक्यावरची चिठ्ठीही बहुतेकांच्या हातून गेली. यात पुष्कळ चांगलं झालं. डिजिटल सहीचा सातबारा २०१८ च्या महाराष्ट्र दिनापासून मिळू लागला, आणि एका उताऱ्यासाठी किती माणसांचे किती दिवस वाचले हे इथे बसलेल्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कागद कमी होणं ही चांगलीच गोष्ट आहे. झाड वाचतं, पाणी वाचतं, माणसाचा वेळ वाचतो. माझं त्याविरुद्ध काही म्हणणं नाही. माझा प्रश्न हिशेबाचा आहे. कागद वाचल्याचा हिशेब कुणाच्या टोकाला उभं राहून करायचा?

आमच्या मोहिमेच्या दुसऱ्या वर्षी मी भोसरीला एका छोट्या पुरवठादाराच्या शेडमध्ये गेलो होतो. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, चार माणसं. आमची ऑर्डर आणि ड्रॉइंग पूर्वी टपालाने जायचं, आता पोर्टलवरून जात होतं. त्या वर्षीच्या अहवालात मी हे अभिमानाने लिहिलं होतं. शेडचा मालक मला म्हणाला, "साहेब, तुमचा कागद बंद झाला, माझा दुप्पट झाला." लेथवर उभा असलेला कारागीर तेलकट हाताने मोबाईल धरत नाही, त्याला समोर खिळ्याला टांगलेलं ड्रॉइंग लागतं. म्हणून हा माणूस पोर्टलवरून ड्रॉइंग उतरवून छापत होता. ऑर्डर छापून, सही-शिक्का मारून, स्कॅन करून परत पोर्टलवर चढवत होता, कारण तशी आमचीच अट होती. शाई त्याची, कागद त्याचा, रात्री जागणारा मुलगा त्याचा. आमच्या प्रिंटरचा आकडा मात्र खाली आला होता. कागद संपला नव्हता, सरकला होता. मोठ्याच्या टेबलावरून लहानाच्या टेबलावर.

हे मला त्या दिवशी नुसतं खटकलं. त्याचा अर्थ लागला तो आपल्या या भागाच्या इतिहासामुळे. तो थोडा विस्ताराने सांगतो, कारण कागद कमी करण्याची सगळ्यात मोठी मोहीम याच मातीत झाली आहे, आणि ती शेतकऱ्यांनी केली आहे.

चौफुल्याहून मोरगावच्या रस्त्याला लागलं की सुपे लागतं. आज ते बारामती तालुक्यात आहे, तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, आसपासच्या गावांतले शेतकरी सुप्यात जमले आणि त्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली. त्याआधी काही महिने, डिसेंबर १८७४ मध्ये, भीमेपलीकडे शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने सावकारावर बहिष्कार टाकला होता. ज्या शिरूर तालुक्यात आज रांजणगावची औद्योगिक वसाहत उभी आहे, त्याच तालुक्यातलं हे गाव. सुप्यानंतर हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात.

या दंग्यांची चौकशी करायला सरकारने आयोग नेमला. आयोगाने एक गोष्ट नोंदवली आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. शेतकऱ्यांना हवे होते ते कागद. कर्जाची खतं, रोखे, कोर्टाचे हुकूमनामे. जिथे सावकाराने ते निमूट काढून दिले तिथे मारहाण बहुधा झालीच नाही. कागद घेतले, जाळले, माणसं घरी गेली.

का जाळले? त्या कागदावर काय लिहिलंय हे अंगठा देणाऱ्याला वाचता येत नव्हतं. व्याज किती चढलं, हप्ता जमा झाला की नाही, हे एकाच बाजूला ठाऊक होतं. पैसे फेडले तरी त्याची पावती शेतकऱ्याच्या हातात नव्हती, आणि खत मात्र सावकाराच्या पेटीत होतं. सारा कागद एका बाजूला आणि दुसरी बाजू रिकामी. रिकाम्या बाजूने शेवटी आग लावली.

यातून पुढे जो कायदा झाला तो १८७९ चा डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यातली कोर्टाची कलमं वकिलांना माहीत असतात. मला त्यातला पावती-हिशेबाचा भाग सांगायचा आहे. शेतकऱ्याने पैसे भरले की त्याला लेखी पावती मिळण्याचा हक्क मिळाला. दरवर्षी हिशेबाचा लेखी उतारा मिळण्याचा हक्क मिळाला. आणि मागितलं तर नोंदींचं पासबुक मिळण्याचा हक्क मिळाला. विचार करा. जाळपोळ झाली कागदाची, आणि तिला उत्तर म्हणून कायद्याने शेतकऱ्याला दिला तोही कागदच. फरक एवढाच की हा कागद त्याच्या हातात राहणार होता.

म्हणून पासबुक, पावती, बिल, पगाराची चिठ्ठी या गोष्टींकडे मी नुसती स्टेशनरी म्हणून बघू शकत नाही. त्या मिळवलेल्या गोष्टी आहेत. कुणी तरी तुरुंगात जाऊन मिळवलेल्या.

आणखी एक आठवण याच रस्त्याची आहे. दर आषाढी वारीत तुकोबांची पालखी यवतहून निघते आणि वरवंडला मुक्काम करते. दुसऱ्या दिवशी ती उंडवडी गवळ्याच्या वाटेला लागते. पालखीच्या रात्री या गावात कुणाच्या घरात चूल विझत नाही. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या आणि तरल्या, ही कथा सगळ्यांना पाठ आहे. पण त्यांच्या चरित्रात कागद बुडवल्याची त्याआधीची एक कथा आहे. घराण्याची सावकारी होती, लोकांकडे येणी होती. परंपरा सांगते की तुकोबांनी धाकट्या भावाशी, कान्होबाशी, खतपत्रांची वाटणी केली आणि आपल्या वाट्याची सगळी खतं इंद्रायणीच्या डोहात सोडून दिली.

कागद कमी करणारा माणूस कोण होता ते बघा. येणं ज्याचं होतं तो. त्याने स्वतःच्या हक्काचा कागद बुडवला, ऋणकोच्या हातची पावती नाही बुडवली. आज मोठी संस्था कागद वाचवायला निघते तेव्हा पहिल्यांदा कुणाच्या हातातला कागद जातो? कंपनीचे करार जपलेले असतात, त्यांच्या प्रती तीन शहरांत ठेवलेल्या असतात. जाते ती ग्राहकाची पावती, कामगाराची चिठ्ठी, पुरवठादाराची पोच. किंवा कागद राहतो, पण असा की तो टिकत नाही. आजकाल पुष्कळ ठिकाणी थर्मल कागदावर पावती निघते. त्या कागदावर शाई नसते, उष्णतेने काळा पडणारा थर असतो. उन्हात, तेलकट हातात, प्लास्टिकच्या पाकिटात ठेवली की काही महिन्यांत अक्षरं उडतात. वजनकाट्याची असो की दवाखान्याची, ज्या दिवशी ती पावती दाखवायची वेळ येते त्या दिवशी हातात कोरी पट्टी असते. आणि असा कागद रद्दीतही चालत नाही, तो वेगळा काढावा लागतो.

आता रद्दीकडे येतो. आमच्या मोहिमेत मी कोणत्या कागदाच्या मागे लागलो होतो हे सांगितलं पाहिजे. ७५ जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाचे, सोळा ए-फोर कागद मिळून एक चौरस मीटर होतो. म्हणजे एक कागद पावणेपाच ग्रॅमच्या आत आणि पाचशे कागदांचं एक रीम साधारण २.३ किलो. ऑफिसातल्या एका माणसाने दिवसाला ४० पानं छापली, वर्षाचे २५० दिवस छापली, तर १० हजार पानं झाली. त्यांचं वजन भरतं सुमारे ४७ किलो. त्याच वेळी मागच्या गोडाऊनमधून पुठ्ठ्याची खोकी ट्रक भरभरून बाहेर पडत होती. तीन पदरी, पाच पदरी, त्यावर प्लास्टिकची पट्टी, आत थर्माकोल. एका मोठ्या फ्रिजचं खोकंच काही किलोंचं असतं, आणि असा माल रांजणगाव, चाकण, हिंजवडीच्या परिसरातून दररोज किती जातो येतो ते रस्त्यावरचे ट्रक सांगतात. प्रिंटरवर लावलेल्या पाटीने ऑफिसातल्या लोकांना वळण लागलं, हे खरं. पण कागदाचं वजन पुठ्ठ्यात होतं. वाहन उद्योगाने हे लवकर ओळखलं. सुटे भाग पुठ्ठ्यात न घालता प्लास्टिकच्या बिनमधून, लोखंडी ट्रॉलीतून न्यायचे आणि रिकामे बिन परत आणायचे. आमच्या कंपनीत हे करायला आम्हाला चार वर्षं लागली. पुरवठादाराला रिकामे बिन नेण्याचं भाडं कुणी द्यायचं, यावरच दोन वर्षं गेली. शेवटी ते आम्ही दिलं. तेच योग्य होतं.

सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला आहे. त्यात कचऱ्याचा तक्ता आहे. प्लास्टिकला स्वतंत्र ओळ आहे, ई-कचऱ्याला आहे, बॅटरीला आहे, बांधकामाच्या राडारोड्यालाही आहे. कागदाला आणि पुठ्ठ्याला स्वतंत्र ओळ नाही. तो 'इतर बिगर-घातक' या शेवटच्या ओळीत जातो. मुलांनो, तुमच्यापैकी कुणी पुढे अशा अहवालांवर काम करणार असाल तर ही ओळ लक्षात ठेवा. जी गोष्ट 'इतर'मध्ये जाते तिची पाठ कुणी बघत नाही.

रद्दीची पाठ बघणारी माणसं आहेत, ती ऑफिसात नाहीत. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिचं नावच कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. त्यातल्या बहुतेक बाया. कितीतरी जणी दुष्काळाने गाव सोडून शहरात गेलेल्या, आपल्यासारख्याच गावांतून. ज्या कामाकडे लोक नाक मुरडून बघत होते त्या कामाला त्यांनी ओळखपत्र मिळवून दिलं. पुढे २००८ मध्ये 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करू लागली. कागदाबद्दल मला जे ज्ञान आहे त्यातलं बरंचसं मी एका भंगाराच्या दुकानात, निवडायला बसलेल्या बायकांकडून शिकलो. पांढरा कागद वेगळा, वर्तमानपत्र वेगळं, पुठ्ठा वेगळा, मेणकागदाचा कप कशातच नाही. ओला कागद आला की भाव पडतो. आम्ही गुप्ततेसाठी कागदाच्या बारीक पट्ट्या करून पाठवायचो. त्यातली एक जण म्हणाली, "याला कमी भाव येतो. बारीक केला की कागद मरतो." अगदी खरं आहे. कागद म्हणजे तंतू. लगद्यात भिजवून पुन्हा कागद करताना तंतू दर खेपेला आखूड होतो, आणि पाच-सात खेपांनंतर तो कामाचा राहत नाही. पट्ट्या करून आपण त्याचं आयुष्य आपल्याच हाताने तोडतो. त्या दिवसापासून आम्ही फक्त खरोखर गुप्त कागदच त्या मशीनमध्ये घालू लागलो, बाकीचा अख्खा, न चुरगळलेला देऊ लागलो. ही सूचना कुठल्याही सल्लागाराच्या अहवालात नव्हती.

कागद करण्याचाही पुण्यात जुना वारसा आहे. मुंढव्याची डेक्कन पेपर मिल १८८५ ची. शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० ची, के. बी. जोशी यांनी उभी केलेली, चिंध्यांपासून आणि टाकाऊ कागदापासून कागद करणारी. आपल्याच सोलापूर रस्त्याने पुढे गेलं की भिगवणजवळ बिल्ट कंपनीचा कागद कारखाना. आणि आपल्या उसाचं चिपाडही कागदाच्या लगद्याला चालतं. पण कारखान्यांनी त्यापासून वीज करायला सुरुवात केल्यापासून ते बॉयलरमध्येच जास्त जातं.

चिपाडावरून गुऱ्हाळाकडे वळावं लागतं, आणि हे बोलताना मला वाईट वाटतं. चुलवाणात वाळलेलं चिपाड घालायचं, त्यावर काहिलीत रस उकळायचा, ही आपली जुनी रीत. उसानेच ऊस शिजवायचा. पुनर्वापराचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. आपल्या दौंड तालुक्यातल्या त्याच गुऱ्हाळांत प्लास्टिक, रबर, चपलांचे तुकडे जाळले जातात हे वर्तमानपत्रांनी वारंवार छापलं आहे, आणि तो काळा धूर तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. हे जळण कुठून येतं? कुठल्या तरी गोडाऊनमधून 'पुनर्वापरासाठी दिलं' अशी नोंद होऊन निघालेला माल असा तिसऱ्या-चौथ्या हाताने चुलवाणापर्यंत येऊ शकतो. त्याचा कागद पहिल्या हातापर्यंतच असतो. मी स्वतः अशा कितीतरी गेटपासांवर सह्या केल्या. माल गेटबाहेर गेला की माझ्या दृष्टीने तो पुनर्वापरात गेला. पुढे तो कुठे गेला हे मी पहिली दहा वर्षं विचारलं नाही. नंतर विचारायला लागलो तेव्हा दोन ठेकेदार सोडून गेले. त्यांनी का सोडलं ते तेव्हाच कळलं.

आपण या साखळीच्या दुसऱ्या टोकाला बसलेली माणसं आहोत. मुंढव्याच्या जॅकवेलमधून पुण्याचं वापरलेलं पाणी प्रक्रिया करून बेबी कालव्यात सोडतात, ते आपल्या भागाकडे येतं. त्या पाण्याच्या प्रतीबद्दल शेतकरी वर्षानुवर्षं तक्रार करत आले आहेत. शहराच्या कागदावर ते पुनर्वापर केलेलं पाणी आहे. इथे ते काय आहे, हे ज्याच्या वाफ्यात ते शिरतं त्याला विचारावं लागेल. कागदाचंही तसंच आहे.

कुणी चांगलं करत असेल तर तेही सांगितलं पाहिजे. महावितरणची 'गो ग्रीन' योजना तुमच्यापैकी काहींनी घेतली असेल. छापील वीजबिल नको, ई-मेल आणि एसएमएसने पाठवा, असं सांगितलं की बिलात सवलत मिळते. कोट्यवधी ग्राहकांपैकी काही लाखांनीच ती घेतली आहे, पण तिची रचना मला पटते. एक तर कागद सोडायचा की नाही हे ग्राहक ठरवतो. आणि कागद सोडल्याने जे वाचलं त्यातला वाटा त्याच्याच बिलात येतो. शेअर बाजारातल्या कंपन्यांनाही वार्षिक अहवाल ई-मेलने पाठवता येतो, पण भागधारकाने छापील प्रत मागितली तर ती द्यावी लागते. सोडणाऱ्याची संमती, वाचलेल्यातला वाटा आणि मागितल्यावर कागद. एवढं असलं की मोहीम खरी. शेतीपंपाच्या बिलावरची थकबाकी वाचून घ्यायला जो शेजारच्या पोराकडे कागद घेऊन जातो, त्याला तो कागद हवा असेल तर तो मिळालाच पाहिजे.

आता मी ती गोष्ट सांगतो जी सांगायला आलो आहे.

आमची रेकॉर्ड रूम रिकामी करण्याचा दिवस हा माझ्या नोकरीतला मोठा दिवस होता. कायद्याची मुदत संपलेले सगळे गठ्ठे आम्ही एका आठवड्यात काढले. तीन ट्रक भरले. त्या जागेत नंतर पाळणाघर झालं, आणि ते आजही चालतं याचा मला आनंद आहे. यादीवर सही माझी होती. त्या यादीत ठेकेदारी कामगारांची जुनी हजेरीपुस्तकं आणि त्यांच्या पगाराच्या प्रती होत्या.

दोन वर्षांनी एक मामा मला भेटायला आले. आपल्याच भागातले, पॅकिंग विभागातून निवृत्त झालेले. १९९५ च्या पेन्शन योजनेत पेन्शन मिळायला दहा वर्षांची नोकरी लागते. कायम झाल्यानंतरची त्यांची वर्षं कमी पडत होती. त्याआधी काही वर्षं ते ठेकेदाराकडून आमच्याच शेडमध्ये काम करत होते. तो ठेकेदार आता कुठे होता कुणालाच माहीत नव्हतं. त्यांना फक्त एवढंच हवं होतं की त्या वर्षांचा काही तरी कागद कंपनीने द्यावा. मी रेकॉर्ड रूमकडे बोट दाखवू शकत नव्हतो. आतून मुलांचा आवाज येत होता. मी त्यांना म्हटलं, "मामा, कायद्याने जेवढं ठेवायचं तेवढं आम्ही ठेवलं होतं." ते म्हणाले, "ठेवायचं नव्हतं तर मला द्यायचं होतं." आणि नमस्कार करून गेले. रागावले नाहीत. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

तीन ट्रक कागद. त्याची पाठ मी बघितली नव्हती.

दिवाळीनंतर ते पुन्हा आले. पिशवीतून त्यांनी एक वही काढली. वर कॅलेंडरचं पान, कडेला दाभणाने घातलेले टाके. मी ते टाके ओळखले. त्यांची मुलगी गुरुजींकडे शिकत होती आणि गुरुजींनी मागितले म्हणून मामांनी घरातले पाठकोरे कागद तिच्याबरोबर शाळेत पाठवले होते. ती वही तिने सासरी नेली नव्हती, आईच्या ट्रंकेत राहिली होती. एका बाजूला तिचे भागाकार, पेन्सिलीने, गुरुजींच्या लाल खुणांसह. पान उलटलं की ठेकेदाराने दिलेली पगाराची चिठ्ठी. सगळे महिने नव्हते. पण चिठ्ठीच्या कोपऱ्यात भविष्यनिर्वाह निधीचा खाते क्रमांक होता. त्या क्रमांकावरून पुढचं सापडत गेलं. आठ महिने लागले, चार खेपा झाल्या, आणि त्यांची ती वर्षं धरली गेली.

वही मी एक रात्र घरी ठेवून घेतली. सगळी पानं दोन्ही बाजूंनी वाचली.

त्यानंतर माझ्या निवृत्तीपर्यंत आम्ही एक पद्धत पाळली. कुठलाही माणसांचा कागद रद्दीत जाण्याआधी तीन महिने गेटवर, कँटीनमध्ये आणि ठेकेदारांच्या टपरीत मराठी आणि हिंदीत नोटीस लागायची. ज्याचा कागद आहे त्याने येऊन न्यावा, जो येऊ शकत नाही त्याला पोस्टाने पाठवायचा. सुरुवातीला लोक घाबरतच यायचे, काही वसुली निघाली की काय म्हणून. मग शनिवारी रांग लागायला लागली. सफाईच्या बायका, लोडिंगची पोरं, जुने वॉचमन. आमचा क्लार्क गठ्ठा सोडायचा आणि नाव पुकारायचा. माणूस पुढे येऊन आपला कागद घ्यायचा, नीट घडी घालायचा. एकदा एका बाईंनी त्यांच्या जुन्या चिठ्ठ्या हातात घेतल्या, उलट्या करून बघितल्या आणि मला विचारलं, "साहेब, मागून कोऱ्या आहेत. पोराला लिहायला दिल्या तर चालतील ना?"

मी म्हटलं, "द्या, ताई. फक्त सांगा त्याला, फाडू नकोस."